श्वेताचा शोध चालू ठेवा

भटवाडीत मालनताईंच्या 'नाही'ला मान आहे. घाटकोपरच्या त्या चढावर, जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्या राहतात, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांचा हा 'नाही' कधी ना कधी ऐकून झालेला आहे. मासेवालीने पापलेट पुढे केलं की त्याचे कल्ले उघडून बघायचे आणि तोंडावर सांगायचं, "नको गं बाय, कालचं आहे." ती बडबडत टोपली उचलून जायची, आणि दुसऱ्या दिवशी ताजा माल घेऊन आधी ह्यांच्याच दारात टेकायची. बिल्डरचा माणूस सह्या गोळा करायला आला तेव्हा अख्खी चाळ 'बघू, विचार करू' म्हणत गुळमुळत होती. मालनताईंनी त्याला पाणी दिलं, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "पक्का कागद हातात आल्याशिवाय सही नाही. चहा टाकू का?" त्याने चहाही घेतला.

त्या मूळच्या देवगडकडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या तेव्हा गिरणीतून बाहेर फेकले गेलेले त्यांचे यजमान, दशरथ, एका पतपेढीत शिपाई म्हणून लागले होते. पगार तो केवढा, म्हणून मालनताई ब्लाउज शिवायला बसल्या, त्या अजून बसतात. गिऱ्हाईक फोटो दाखवून म्हणतं, असा गळा हवाय. ह्या फोटोकडे बघतात, गिऱ्हाइकाकडे बघतात, आणि म्हणतात, "तुला नाही शोभणार." बाई रुसते आणि ह्यांनी सांगितलेल्या गळ्याचा ब्लाउज घेऊन जाते.

शिवणाच्या निमित्ताने घराघरांत जाणं-येणं, त्यामुळे लग्नं जमवायचं कामही आपसूक गळ्यात पडलं. त्यातही त्यांची एक शिस्त. मुलीचा फोटो आणि पत्रिका आली, आणि समोरच्यांना स्थळ नको असलं, की 'पत्रिका जुळत नाही' एवढंच कळवायचं. पत्रिका खरोखर जुळते की नाही ते कुणी विचारत नसे. समोरचा समजून जायचा, कुणाचा अपमान नाही की वाकडेपणा नाही. आणि फोटो ज्या हाताने आला त्याच हाताने, त्याच दिवशी परत. "लोकांची लेक आहे, आपल्या कपाटात कशाला?" असं त्या म्हणायच्या.

आणि अशा बाईची एका मोबाइलच्या बटणाने वाट लावली. माझा जीव आजही चरफडतो ते ह्याच्यासाठी.

श्वेता त्यांची एकुलती एक मुलगी. मुलुंडच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे सोडवते. तिशी ओलांडली तरी लग्नाचं नाव काढत नव्हती. शेवटी आईने फारच लावून धरलं तेव्हा म्हणाली, "टाक काय ते ॲपवर. पण जमलं की लगेच काढायचं हां, आई. लोक बोटाने माझा फोटो सरकवत बसलेत हे मला नाही सहन होत." मालनताईंनी शब्द दिला. फोटो परत करण्याच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवायची गरजच नव्हती.

'मांडवदारी' नावाचं ते ॲप होतं. उघडलं की सनई वाजायची आणि सगळं अगदी मराठीत. नाव घालताना किती गोड बोललं ते! मोठाली अक्षरं, एकावेळी एक प्रश्न, काही चुकलं तर 'हरकत नाही, पुन्हा लिहा' म्हणायचं. मालनताईंनी दुपारच्या चहाआधी स्वतःच्या हाताने श्वेताची सगळी माहिती भरली, एका मैत्रिणीच्या केळवणाला नेसलेल्या जांभळ्या साडीतला फोटो लावला, आणि दशरथांना कौतुकाने दाखवला.

ॲपने पुढे वर्षभर नुसतं झुलवलं. 'श्वेताला कुणीतरी पसंत केलंय!' म्हणून निरोप यायचा, उघडावं तर कोण ते धूसर. स्थळ आलं ते आपल्या जुन्या वाटेनेच. गाववाल्यांच्या मंडळाचं हळदीकुंकू होतं, तिथे शेजारच्या गावच्या मंजुळाताई भेटल्या. राहायला मालाडला, मुलगा कृणाल, कुठल्याशा कंपनीत डिझायनर. मालनताईंना डिझायनर म्हणजे साडीचे काठ आणि ब्लाउजचे गळे एवढंच ठाऊक, त्यामुळे मुलगा आपल्याच धंद्यातला निघाला म्हणून त्या उगाच खूश झाल्या. तो मोबाइलवरच्या पडद्यांची आखणी करतो हे श्वेताने समजावलं, पण ते त्यांनी अर्धंच ऐकलं. पोरं भेटली, फिरली, एकमेकांना आवडली. दसऱ्यानंतर साखरपुडा झाला. माघात लग्न, दिवाळी झाली की पत्रिका छापायच्या, असं ठरलं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी श्वेता कामावर जाताना म्हणाली, "आई, ते काढ हां आज." मालनताईंनी मशीनवरचं काम बाजूला सारलं आणि फोन घेऊन बसल्या.

आता हे काढायचं कुठून? नाव घालायचं बटण पहिल्याच पडद्यावर केवढं तरी होतं. काढायचं कुठेच नाही. 'माझी माहिती'त नाही, 'मदत'मध्ये नाही. एका कोपऱ्यात तीन ठिपके, त्यात 'इतर', त्यात 'खाते', आणि त्याच्याही तळाशी, पांढऱ्यावर करड्या अक्षरात, चष्मा पुसून वाचावं लागेल असं 'प्रोफाइल बंद करणे'. मालनताईंनी ते दाबलं. सनई थांबली. पडद्यावर श्वेताचा तोच जांभळ्या साडीतला फोटो आला, पण रंग काढून घेतलेला, राखाडी. खाली लिहिलेलं, 'श्वेताच्या सुखी संसाराचं स्वप्न मोडायचं आहे का?' त्याच्याखाली कुंकवाच्या रंगाचं भलंमोठं बटण, 'नाही, श्वेताचा शोध चालू ठेवा'. आणि त्याच्याखाली बारीक, फिक्या अक्षरात, 'हो, मला श्वेताचा संसार नको आहे'.

मालनताईंचा अंगठा हवेतच राहिला.

ज्या घरात त्या वाढल्या तिथे बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकू संपत नाही, वाढतं. निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतं. वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते, म्हणून वाकडं बोलायचं नाही, चेष्टेतही नाही, आणि पोटच्या पोरीबद्दल तर नाहीच नाही. आजीने लहानपणी एकदा त्यांना नुसतं 'मरो तो अभ्यास' म्हटल्याबद्दल तोंडात साखर घालून तीनदा देवाचं नाव घ्यायला लावलं होतं. आणि आता हा फोन त्यांना म्हणत होता की, मला माझ्या मुलीचा संसार नको, हे स्वतःच्या बोटाने कबूल कर. तेही साखरपुड्याची फुलं अजून देवापुढे असताना.

त्यांनी मागे जायचं बटण दाबलं. ॲप म्हणालं, 'छान निर्णय! श्वेताचा शोध पुन्हा सुरू झाला आहे.' आणि सनई वाजली.

दशरथ पेपर वाचत होते. मालनताईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही दाबा."

दशरथांनी वाचलं, चष्मा वर केला. "मी बाप आहे तिचा. मी कसं दाबू?"

"मग मी कोण आहे?"

"शेजारच्या मानसीला सांग."

"म्हणजे परक्याच्या हातून माझ्या लेकीला शाप देऊ? डोकं ठिकाणावर आहे ना?"

दशरथ पुन्हा पेपरात शिरले. मालनताईंनी ॲपच फोनमधून उडवून टाकलं आणि सुटलो म्हणून श्वास सोडला. आठवडा झाला नसेल, मेसेज आला, 'श्वेताची वाट बघणारी स्थळं वाढली आहेत.' म्हणजे ॲप गेलं आणि पोरगी तिथेच राहिली! त्यांनी धावत ॲप परत घेतलं. 'परत आल्याबद्दल स्वागत! श्वेताचा शोध जोरात सुरू.' मदतीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवल्यावर एक मुलगी आली, फार गोड बोलली.

"मॅडम, प्रोफाइल तुम्हाला ॲपमधूनच बंद करावं लागेल."

"अगं बाळा, तिथे वाईट लिहिलंय. तू तुझ्याकडून कर ना."

"आम्हाला तसं करता येत नाही, मॅडम. अजून काही मदत करू शकते?"

"आधी ही कर!" मालनताई ओरडल्या. मुलीने आभार मानून फोन ठेवला.

रोज दुपारी त्या बसायच्या. तीन ठिपके, इतर, खाते, तळ, राखाडी श्वेता. एके दिवशी 'थोडी विश्रांती घ्या' असंही एक बटण सापडलं, ते त्यांनी आनंदाने दाबलं. 'विश्रांती' आठवड्याने आपोआप संपली आणि सनई पुन्हा वाजू लागली. रोज देवाला नमस्कार करून त्या ठरवायच्या, आज डोळे मिटून दाबायचं. रोज अंगठा आपोआप मोठ्या बटणावर जायचा. मासेवालीला, बिल्डरला, अख्ख्या जगाला तोंडावर नाही म्हणणारी बाई एका फिक्या ओळीपुढे हरत होती, आणि हे सांगायचं कुणाला? श्वेताने एकदा विचारलं, "काढलंस ना गं?" मालनताई म्हणाल्या, "हो हो, बघतेय." आयुष्यात पहिल्यांदा त्या गुळमुळीत बोलल्या, आणि त्याचा त्यांना स्वतःचाच इतका राग आला की त्या दिवशी एक ब्लाउज उलट्या बाजूने शिवला गेला.

दिवाळीनंतर मंजुळाताईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मालनताई, आमच्या हर्षदच्या फोनवर काय आलंय म्हायती आहे?" हर्षद म्हणजे मंजुळाताईंच्या बहिणीचा मुलगा. त्याचंही लग्न जमवायचं चाललं होतं, आणि तोही त्याच ॲपवर. "तुमच्या श्वेताचा फोटो आलाय! 'श्वेताने आज पुन्हा शोध सुरू केला आहे, पहिली पसंती तुम्ही कळवा.' वर 'आत्ताच ऑनलाईन' म्हणून हिरवो ठिपको. हर्षदने साखरपुड्यात तिच्या हातचे पेढे खाल्ले हो! आम्ही काय समजायचा?"

मालनताईंनी सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण फोनवर ते सगळंच खोटं वाटत होतं. ॲप काढलं पण गेलं नाही, काढायला जावं तर सुरू होतं, बटण आहे पण दाबवत नाही. मंजुळाताई शांतपणे ऐकून म्हणाल्या, "एवढा साधा बटाण दाबता येत नाही? माका नाय पटत. आधी तो फोटो उतरू दे, मग पत्रिकेचं बघू."

संध्याकाळी श्वेता आली ती चप्पल न काढताच आत आली. कृणालने तिला सकाळीच हर्षदच्या फोनचं चित्र पाठवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'अजून शोधतेयस का?' तिने दहा वेळा सांगितलं, माझं आता खातंच नाही, मला काही माहीत नाही. त्याने लिहिलं, 'मग आत्ताच ऑनलाईन कसं?' त्यानंतर त्याने फोन उचललेला नव्हता.

मालनताईंनी सगळं कबूल केलं. श्वेता ऐकत राहिली, मग फोनवर ती ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला.

"आई, बटण आहे गं ते! दाब ना!"

"नाही दाबणार. आणि तूही दाबायचं नाहीस. स्वतःच्या तोंडाने स्वतःचा संसार..."

"अगं पण ह्याने खरोखरच मोडायला आलाय ना!"

मालनताई स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. आयुष्यभर लोकांच्या मुलींचे फोटो त्या दिवसाच्या दिवशी परत केले, आणि स्वतःच्या मुलीचा फोटो ह्यांना परत मिळत नव्हता. त्या रविवारी त्या श्वेताला घेऊन निघाल्या. मेट्रोने अंधेरी, तिथून बदलून मालाड.

मंजुळाताईंनी दार उघडलं, बसा म्हटलं, पण पाणी श्वेताच्या हातात न देता टेबलावर ठेवलं. कृणालचे वडील रामचंद्र टीव्हीचा आवाज बारीक करून बसले. कृणाल आतून आला, भिंतीला टेकून उभा राहिला.

मालनताईंनी प्रस्तावना केलीच नाही. फोन काढला, तीन ठिपके, इतर, खाते, तळ. राखाडी श्वेता आली तसा फोन मंजुळाताईंच्या हातात दिला. "तुम्हीच दाबा. तुम्ही म्हणालात ना, साधं आहे."

मंजुळाताईंनी जरा ठसक्यातच फोन घेतला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग ओठ हलवत तिसरी वाचली, आणि फोन एकदम मालनताईंच्या मांडीवर ठेवला, जसा काही चटका बसला.

"अगे बाय माझ्या," त्या म्हणाल्या. "ह्या असला कोणी लिवला? मी नाय दाबूची. माझ्या घरात, माझ्याच सुनेबद्दल?"

'सुनेबद्दल' हा शब्द ऐकला आणि मालनताईंचे डोळे भरून आले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा घराबाहेरच्या कुणाला तरी कळलं होतं.

"मग आता?" रामचंद्रांनी विचारलं. आणि तेच उठले. "गाऱ्हाणा घालूया. देवाक सांगान दाबूया. मग कसली भीती?"

त्यांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला, सगळ्यांना उभं केलं आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ही माय आज आपल्या लेकीच्या पायी एक बटाण दाबता. त्या बटणार जा काय लिवलेला असा, ता हिच्या तोंडचा न्हय, हिच्या मनातला न्हय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ज्या कोणी लिवला, त्याचा ता त्याकाच पावांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात कृणालचाही आवाज होता.

"आणि ह्या पोरांचो संसार सुखाचो होवांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मालनताईंनी डोळे उघडे ठेवून दाबलं. ॲप तरी लगेच सोडतंय होय! आधी कारण विचारलं, मग 'श्वेताला तुमची आठवण येईल' म्हणालं, ती इथे समोर उभी असताना. मग पुन्हा लालभडक 'थांबा!'. पण एकदा जे व्हायचं ते झाल्यावर मालनताईंचा अंगठा अडला नाही. फोटो गेला. पडद्यावर काहीच उरलं नाही. मंजुळाताईंनी साखर आणून श्वेताच्या तोंडात घातली, मग आपल्या, मग विहिणीच्या. चहा ठेवला गेला. रामचंद्र हसू लागले, कृणाल भिंतीचा आधार सोडून श्वेताशेजारी येऊन बसला. हे इथेच संपतं तर मीही चहा घेऊन उठलो असतो.

चहा पिता पिता मालनताई म्हणाल्या, "मशीनला काय कळतंय म्हणा, शुभ काय नि अशुभ काय. इंग्रजीचं मराठी करताना गडबड झाली असणार."

कृणाल हसला. घरातलं वातावरण निवळलं होतं, त्यामुळे तो जरा मोकळेपणाने बोलला. "नाही काकी, मशीन नाही. माणूस लिहितो. आमच्याकडे मीच लिहितो ना."

"काय लिहितोस?"

"हेच. आमचं व्यायामाचं ॲप आहे. बंद करायला कोण आलं की खाली टाकलंय, 'हो, मला आजारीच राहायचं आहे'. मस्त चालतं. चार-पाच वाक्यं लिहायची, थोड्या लोकांना हे दाखवायचं, थोड्यांना ते. ज्याच्यावर जास्त लोकांचा हात अडतो ते ठेवायचं. इंग्रजीवरून केलं तर नाही चालत, मराठीसाठी वेगळंच बसून लिहावं लागतं. आपल्याकडे आईचा हात कशावर अडेल ते आपल्याच माणसाला कळणार ना, यार."

मालनताईंनी कप खाली ठेवला. इतके दिवस त्या यंत्राला शिव्या घालत होत्या, नशिबाला घालत होत्या, स्वतःला तर सगळ्यात जास्त. त्यांच्या मनातच आलं नव्हतं की हे कुणीतरी ठरवून केलं असेल. बांगडी वाढते म्हणणाऱ्या आईच्याच घरात वाढलेलं कुणीतरी माणूस, टेबलाशी बसून, विचार करकरून.

"सरळ नाही का लिहिता येत?" त्यांनी विचारलं. "बंद करायचं का? हो. नाही. दोन्ही दिसतील अशी."

"येतं की. मी केलं होतं एकदा. दोन्ही बटणं सारखी, एकाच रंगाची, पहिल्याच पानावर. मला स्वतःला झकास वाटलेलं. पण लोक सटासट बाहेर पडले. साहेबांनी लगेच काढायला लावलं."

"मग तू काय म्हणालास त्यांना?"

"काय म्हणणार, काकी? नोकरी आहे."

श्वेताने कप बाजूला सारला. "आणि ते 'आत्ताच ऑनलाईन'?" तिने विचारलं. "तो हिरवा ठिपका?"

"त्याचं काही खरं नसतं गं. कोणी नुसतं ॲप उघडलं तरी लागतो. कधीकधी उघडलेलं पण नसतं, उगाच समोरच्याला वाटावं म्हणून..." कृणाल बोलता बोलता थांबला. त्याला उशिरा का होईना, कळलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," श्वेता म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुझ्या आईंना नव्हतं माहीत, हर्षदला नव्हतं, माझ्या आईला नव्हतं. ह्या सगळ्यांत एकट्या तुला माहीत होतं की हे खोटं असतं. तू रोज असलंच बनवतोस. आणि तरी तू मला विचारलंस, अजून शोधतेयस का."

"अगं पण समोर दिसत होतं ना. स्क्रीनवर होतं."

"मी पण समोरच होते, कृणाल. मी नाही म्हणून सांगत होते."

कृणाल गालिच्याकडे बघत बसला. रामचंद्रांनी उगाच टीव्हीचा रिमोट उचलला आणि परत ठेवला.

"जाऊ दे गो," मंजुळाताई घाईघाईने म्हणाल्या. "गेला ना आता सगळा? चुकला त्याचा, मी सांगतंय ना. आता पत्रिका छापूक टाकूया. काय मालनताई?"

"मला विचार करू दे," श्वेता म्हणाली.

सगळे मालनताईंकडे बघायला लागले. मालनताईंच्या तोंडात एकामागून एक वाक्यं जमली होती. हॉल ठरलाय. गावाला निरोप गेलेत. एवढं चांगलं स्थळ पुन्हा येणार आहे का? पुढच्या वर्षी किती वय होईल तुझं? एवढ्याशा गोष्टीवरून काय तुला संसार नको आहे? हे शेवटचं अगदी ओठांवर आलं, आणि मालनताईंना घाम फुटला. ते वाक्य त्यांनी गेला महिनाभर रोज दुपारी वाचलं होतं, आणि ते त्यांना तयार, तोंडपाठ होतं.

त्यांना सगळ्यांचाच संताप आला. कृणालचा, त्याच्या साहेबांचा, पत्रिकेची घाई करणाऱ्या विहिणीचा, आणि खरं सांगायचं तर हातचं लग्न असं अधांतरी धरणाऱ्या श्वेताचासुद्धा. पण त्यांनी एकही वाक्य बाहेर येऊ दिलं नाही.

"कर विचार," त्या म्हणाल्या. "हो म्हण, नाही म्हण. मी मध्ये बोलणार नाही. आणि दुसरंही कुणी बोलणार नाही."

मंजुळाताईंचा चेहरा उतरला. कृणाल काहीतरी म्हणायला उठून पुढे आला, तोपर्यंत श्वेता दाराशी जाऊन चपला घालत होती.